रजा मंजूर

"हवे आपनी रजा मागुं छुं," तो म्हणाला आणि जागचा हललाच नाही.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी काउंटरला टेकून उभी होते. हा कोण, कुठला, मला काही ठाऊक नव्हतं. पण माणूस रजा मागतोय म्हटल्यावर मी आपली सभ्यपणे भिंतीला चिकटले आणि त्याला जायला वाट करून दिली. तरी तो तिथेच. हातात जाहिरातीच्या कागदांचा गठ्ठा, कपाळावर आलेले केस, आणि नजर माझ्यावर नाही – काउंटरवरच्या माझ्या कागदावर. मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो मला काही म्हणत नव्हता, नुसता वाचत होता.

कागद होता एका जुन्या मूकपटातल्या पाटीचा. मोठी करून काढलेली झेरॉक्स. मूकपटात माणसं बोलत नाहीत, म्हणून मध्येमध्ये पाटी येते आणि ती वाचून आपण समजून घ्यायचं. या पाट्यांवर वरच्या बाजूला मराठी आणि खाली गुजराती असायचं. माझ्याजवळची पाटी चित्रपटातली शेवटची होती आणि नेमकी तिचीच मराठी बाजू डागांनी खाऊन टाकली होती. उरलं होतं फक्त गुजराती. ते कुणाकडून वाचून घ्यावं या विवंचनेत मी सकाळपासून होते, आणि हा पठ्ठ्या न विचारताच वाचून मोकळा झाला.

मी त्याला विचारलं, गुजराती येतं का म्हणून. तो म्हणाला, "आई गुजराती, बाबा मराठी. दोन्ही भाषांत ओरडा खाल्लाय."

मग मी या ओळीचा अर्थ विचारला. तो म्हणाला, रजा मागतोय तो. तेवढं मलाही कळलं होतं. म्हणजे तो निघालाय का, असं मी स्पष्ट विचारलं, तर त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "निघेल कशाला?" तो म्हणाला. तेवढ्यात दुकानदाराने त्याचे कागद मागितले आणि आमचं बोलणं तिथेच राहिलं.

मला हा प्रश्न सोडवायलाच हवा होता, कारण रविवारी तालीम होती. पेणकरपाड्यात पिठाच्या गिरणीच्या वर आमचं छोटं वाचनालय आहे. काशीनाथकाका ते चालवतात. पोस्टातून निवृत्त झाले आणि गिरगावातून इकडे राहायला आले, तेव्हापासून त्यांचा सगळा जीव त्या चार कपाटांत आहे. यंदा वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. काकांनी कुठून तरी एका संग्राहकाकडून शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटाची प्रत मिळवली. 'उंबरठ्यावरची गोदा' या कादंबरीवरचा चित्रपट. कादंबरी मी तीनदा वाचली आहे, तिन्ही वेळा रडले आहे. त्या काळात थिएटरात पडद्याशेजारी उभं राहून कुणीतरी पाट्या मोठ्याने वाचून दाखवायचं, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नसे. आपणही तसंच करू, असं काकांनी ठरवलं. गोदाच्या पाट्या मी वाचणार होते. रंगनाथच्या पाट्या वाचायला माणूस मिळत नव्हता.

रविवारी तो माणूस स्वतःच्या पायांनी जिना चढून आला. मी झेरॉक्सच्या दुकानात जाता जाता वाचनालयाचं नाव घेतलं होतं म्हणे. नाव दिपेश. भाईंदरला त्यांचं भांड्यांचं दुकान, तिथे भांड्यांवर नावं कोरायचं काम तो करतो. काकांनी त्याच्याकडून एक पाटी वाचून घेतली आणि लगेच त्याला रंगनाथ करून टाकलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते. मी रुचिता. एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत लिपिक आहे. दिवसभर माझ्या टेबलावर लोकांच्या रजेचे अर्ज येतात. किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा. रजा या शब्दाचं मला कौतुक उरलेलं नाही. रजा म्हणजे माणूस खुर्चीत नाही, एवढं सरळ. शिवाय कादंबरीच्या शेवटच्या पानावर रंगनाथ गोदाचा निरोप घेऊन रंगूनच्या बोटीत बसतो, हे मला तोंडपाठ होतं. त्यामुळे शेवटच्या पाटीबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. तो चालला आहे.

दिपेशला ते मुळीच पटत नव्हतं. त्याने कादंबरी वाचली नव्हती आणि वाचायची घाईही नव्हती. तो नुसता चित्रपट बघायचा. शेवटच्या दृश्यात रंगनाथ गोदाच्या दारात उभा असतो, पाटी येते आणि पुढची फिल्मच नाही. तुटली आहे. दिपेशने ते दृश्य थांबवून मला पडद्याजवळ नेलं. "त्याचे पाय बघ. वहाणा दाराबाहेर काढल्यात. जाणारा माणूस वहाणा काढतो का?"

मी म्हटलं, कादंबरीत तो जातो. तो म्हणाला, सिनेमावाल्यांनी बदललं असेल, तेव्हाच्या प्रेक्षकांनाही शेवट गोड लागत असेल. मी चिडले. लेखिकेने जीव ओतून लिहिलेला शेवट असा कुणीही उठून बदलायचा का, यावर मी त्याला दहा मिनिटं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, रागावल्यावर तू छान मराठी बोलतेस. मी पुढचं सगळं विसरले.

असे चार रविवार गेले. दुपारी गिरणी बंद असायची, तरी जिन्यात पिठाचा गरम वास रेंगाळायचा. आम्ही पडद्याच्या दोन बाजूंना उभे. तो 'गोदाबाई, तुमच्या खिडकीतला दिवा दिसला नाही तर मला घरचा रस्ता सापडत नाही' असं वाचायचा, आणि वाचताना बघायचा माझ्याकडे. मी त्याला दटावलं, पाटी पडद्यावर आहे. त्याचं म्हणणं, पाठ झाली आहे. एकदा तर दोन पाट्यांच्या मध्येच म्हणाला, "तुम्हाला हा निळा रंग शोभतो."

"हे कुठल्या पाटीवर आहे?" मी विचारलं. चित्रपट काळापांढरा होता.

"वरच्या बाजूला होतं... ते डागांनी खाल्लं."

काका चष्मा पुसायला लागले. मी माझी पुढची पाटी वाचली, ती चुकीची निघाली. तेव्हापासून माझं असं झालं की तो काही बोलला, की हे रंगनाथचं की दिपेशचं, ते मला कळेना. 'तुम्ही' म्हणाला तर रंगनाथ, 'तू' म्हणाला तर दिपेश, असा एक नियम मी मनाशी केला. पण तो 'तुम्ही' म्हणून हसायचा आणि 'तू' म्हणून गप्प व्हायचा. नियमाचा काही उपयोग झाला नाही.

पडद्यासाठी मोठं पांढरं कापड हवं होतं. तारोडीला काकांच्या ओळखीच्या एक मंडपवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडून आणायचं ठरलं. आम्ही दिपेशच्या स्कूटरवरून गेलो. जानेवारीचं ऊन, उत्तनच्या रस्त्याला वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास, आणि समोरून येणारा खारा वारा. मी मागे एका हाताने सीट धरून बसले होते. दुसरा हात कुठे ठेवायचा, हा प्रश्न भाईंदरपासून तारोडीपर्यंत सुटला नाही. बाईंनी कापड दिलं आणि दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लग्नाचं हाय का?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो. इतकं एकदम, की त्या बाई हसल्या.

परतताना मुर्ध्याजवळ वेग कमी करून त्याने सांगितलं, की मामाने सुरतेला दुकान काढलं आहे आणि त्याने ते सांभाळावं असं मामाचं म्हणणं आहे. घरी अजून त्याने काही सांगितलेलं नाही. मी विचारलं, मग काय करणार? "बघू. एका माणसाला विचारायचंय आधी," तो म्हणाला. कुणाला, हे मी विचारलं नाही. कापडाचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता, तो मी उगाच घट्ट धरला.

त्या दिवशी मला स्वतःशी कबूल करावं लागलं. हा माणूस सुरतेला जाऊ नये असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. पण जाऊ नको म्हणण्याचा मला काय अधिकार? चार तालमींची ओळख. आणि तो गमतीने बोलतो की मनापासून, हेही मला कळत नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आई आणि मी मटार सोलत बसलो होतो. फोन वाजला. दिपेशचा मेसेज होता.

'रुचिता, समोर बोलायला जमत नाही म्हणून लिहितोय. तुझी रजा हवी आहे. मग घरी सांगतो.'

मी तो पाचदा वाचला. रजा. म्हणजे ठरलं. घरी सांगणार, मामाला कळवणार, सुरत. ज्या एका माणसाला विचारायचं होतं, त्याला विचारून झालं असणार. आणि मला काय, तर एक मेसेज. माझे कान तापले. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं ऑफिसचं आहे. ते एका अर्थी खरंच होतं, कारण मी उत्तरही ऑफिसच्याच भाषेत दिलं.

'रजा मंजूर.'

त्याच्याकडून लगेच आलं, 'खरंच?'

आता मात्र माझा पारा चढला. जायची एवढी हौस, आणि वर खात्री करून घेतोय. 'मी मंजूर केलेली रजा रद्द करत नाही,' मी लिहिलं.

'थँक यू. थँक यू. आत्ताच घरी सांगतो.'

दोनदा थँक यू. मी फोन उलटा ठेवला आणि मटार सोलत राहिले. दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात टाकली असं आईने नंतर सांगितलं. तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून कांदे पण आणते म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजीला नको असलेले तीन कांदे चिरले.

रविवारी चार वाजता मी वाचनालयात पोचले, तेव्हा मनाशी ठरवलेलं होतं. नीट वाचायचं, नीट निरोप द्यायचा, घरी यायचं. दिपेश आधीच आला होता. इस्त्रीचा सदरा, चेहरा असा उजळलेला की मला आणखी राग आला. सोबत त्याची आई होती. बांधणीची साडी, हातात मिठाईचा डबा. त्यांनी सरळ माझ्यापाशी येऊन माझ्या हनुवटीला हात लावला आणि डोळे भरून बघत, डब्यातला पेढा पुढे करून म्हणाल्या, "डाही छोकरी छे."

डाही म्हणजे शहाणी, इतपत गुजराती भाईंदरच्या दुकानांतून कानावर पडून मला येत होतं. पण मुलगा परगावी चालला, तर त्याच्या तालमीतल्या मुलीला शहाणी म्हणून पेढा भरवायची कुठली पद्धत? नव्या दुकानाचे पेढे असतील, असं मी धरलं. मनावर दगड ठेवून म्हणाले, "अभिनंदन. सुरत छान शहर आहे म्हणतात."

त्यांचा पेढा हातातच राहिला. "सुरतला तर त्याने काल रात्रीच नाही म्हणून सांगितलं ना," त्या मराठीत म्हणाल्या. "तुला माहीत नाही?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी दिपेशकडे पाहिलं, तो काकांना वायर जोडून देत होता. मी काकांकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघून मिश्कील हसले. मग कुणीतरी पडदे ओढले, दिवे गेले आणि पडद्यावर गोदा पाण्याची कळशी घेऊन चालायला लागली.

त्या चाळीस मिनिटांत मी काय वाचलं, मला विचारू नका. एक पाटी दोनदा वाचली. एक वाचलीच नाही, ती दिपेशने बायकी आवाज काढून वाचली आणि लोक हसले. माझ्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. सुरतेला नाही म्हणाला. मग रजा कसली मागितली? रजा घेऊन माणूस जायचा सोडून राहिला कसा? आणि त्याची आई मला पेढा का भरवत होती?

शेवटचं दृश्य आलं. रंगनाथ दारात. वहाणा बाहेर. ती पाटी तशीच गुजरातीत वाचायची, अर्थ लोकांवर सोडायचा, असा काकांनी आमच्या भांडणावर तोडगा काढला होता. दिपेशने पडद्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "हवे आपनी रजा मागुं छुं."

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या गुजराती बाईंचा मायेचा आवाज आला. "आपी दे ने, बेन."

देऊन टाक ना, बाई.

सगळी खोली हसली. मी तेवढी पडद्यावरच्या त्या पाटीकडे बघत राहिले. देऊन टाक. म्हणजे रजा घेऊन जायचं नसतं. रजा द्यायची असते. परवानगी. तो दारात उभा राहून आत येऊ का असं विचारत होता. रंगनाथही, आणि काल संध्याकाळी दिपेशही. आणि मी मटार सोलता सोलता त्याला लग्नाचा होकार देऊन बसले होते. वर, रद्द करणार नाही असंही लिहून दिलं होतं.

कार्यक्रम संपला. लोक चहाला खाली गेले, त्याची आई काकांशी बोलत बसली. आम्ही दोघं पडदा काढायला थांबलो. कापडाची दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या. मला गप्प बसता आलं असतं. खरं सांगायचं तर मोह झाला होता. त्याला हवं ते मिळालं होतं, मला हवं ते मिळालं होतं, आणि चुकलेलं फक्त मला माहीत होतं. पण ज्याच्याशी जन्म काढायचा, त्याने माझ्या रागाच्या शब्दाला होकार समजून आनंद मानलाय, हे मी रोज कशी बघणार होते?

"दिपेश, मला काल वाटलं तू चाललास."

"कुठे?"

"सुरतेला. आमच्याकडे रजा म्हणजे जाणं. 'रजा मंजूर' म्हणजे मी तुला जा म्हटलं होतं... रागाने."

घडी घालायला पुढे आलेला तो तिथेच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा दुपारपासूनचा उजेड हळूहळू मावळला आणि ते बघणं मला फार जड गेलं.

"म्हणजे तू हो म्हटलंच नव्हतंस."

"नाही."

त्याने खाली बघत कापडाची कड सारखी केली. मग म्हणाला, "चूक माझी. साध्या मराठीत लिहायला हवं होतं. आईला मी आत्ताच सांगतो, मीच चुकीचं समजलो म्हणून. तुला कुणी काही बोलणार नाही, ते मी बघतो. तू काळजी करू नको."

सुरतेचं दुकान त्याने काल माझ्या भरवशावर सोडलं होतं. त्याबद्दल एक शब्दही नाही. त्याला काळजी होती ती माझीच. गेले पाच आठवडे मी ज्या गोंधळात होते, तो तिथे, त्या क्षणी संपला. मला हा माणूस हवा होता. आणि ते मला त्याच्या आईच्या भाषेत सांगायचं होतं, म्हणजे पुन्हा घोटाळा व्हायला नको. मी मनातल्या मनात जुळवाजुळव केली. मी म्हणजे हुं. तुला म्हणजे तने. आणि पुढचा शब्द मला केव्हापासून माहीत होता.

"दिपेश," मी म्हणाले, "हुं तने गमुं छुं."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ आवळून धरले होते, पण डोळे हसायला लागले होते.

"काय झालं? चुकलं?"

"चुकलं नाही. एकदम बरोबर आहे." तो एक पाऊल पुढे आला आणि कापडाची घडी पडली. "तू म्हणालीस, 'मी तुला आवडते.' ते मला झेरॉक्सच्या दुकानापासून माहीत आहे."

माझे गाल तापले. कापडाची टोकं हातात होती म्हणून, नाहीतर मी तोंड झाकून घेतलं असतं.

"ते माझं झालं," तो हळूच म्हणाला. "तुझं काय?"

मी एक पाऊल पुढे टाकलं, दुसरी घडी पडली. आता आमच्यात हातभर अंतर होतं. खाली काका कुणाला तरी कादंबरीचा खरा शेवट समजावून सांगत होते.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "खूप."

"परत सांग."

"कुठल्या भाषेत?"

"कुठल्याही," तो म्हणाला. "आता कळतंय मला."